अमेरिकेतील चित्रकार : कलावंत की कामकरी?



कार्यक्रमपत्रिकेत आमचे नाव आणि त्याखाली अमेरिकन चित्रकलेचा विषय पाहून, छापखान्यात दोन व्याख्यात्यांची अदलाबदल झाली असावी, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी कामगार हे विषय टाकून युनियनचा माणूस चित्रांच्या वाटेला कशाला गेला? तर आधीच सांगून टाकतो, की रेषा आणि रंगसंगती यांचे शास्त्र आम्ही सांगणार नाही. ते सांगणारी अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. पण चित्र काढणाऱ्यालाही पोट असते, घरभाडे असते, आणि त्याच्या कामाची मजुरी कोणी तरी देत असतो किंवा बुडवत असतो. मजुरीच्या प्रश्नात आम्हांस थोडीबहुत गती आहे. तेव्हा अमेरिकेतील चित्रकाराला मजुरी कोणी दिली, आणि ज्याने दिली त्याने तिच्याबदली काय मागितले, एवढाच प्रश्न घेऊन आज आपण त्या देशाच्या चित्रकलेकडे पाहू.

अमेरिकाच का, यालाही कारण आहे. युरोपात चित्रकाराच्या पाठीशी राजे होते, धर्मपीठ होते. आपल्याकडे संस्थानिक होते, देवस्थाने होती. अमेरिकेत राजा नव्हता. तेथला चित्रकार पहिल्यापासून बाजारात उभा राहिला. त्यामुळे आपल्याकडे जो व्यवहार भक्तीच्या किंवा दरबारी मानाच्या पडद्याआड झाकला जातो, तो तेथे उघडा दिसतो.

प्रारंभ फिलाडेल्फिया शहरातील वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांपासून करू. १८९० नंतरच्या दशकात वर्तमानपत्रात छायाचित्र छापणे सोपे नव्हते. आग लागली, अपघात झाला, मिरवणूक निघाली, की बातमीदाराबरोबर चित्रकार धावे, जागेवर खुणा टिपून घेई आणि अंक छापायला जाण्याआधी चित्र पुरे करून देई. जॉन स्लोन, विल्यम ग्लॅकन्स, जॉर्ज लक्स आणि एव्हरेट शिन हे चौघे या कामावर तयार झाले. रॉबर्ट हेन्री नावाच्या शिक्षकाच्या खोलीवर ते जमत. जे डोळ्यांसमोर आहे ते काढा, असे तो त्यांना सांगे. डोळ्यांसमोर काय होते? धुराने काळवंडलेल्या चाळी, डोक्यावरून धडधडत जाणारी रेल्वे, दारूचे गुत्ते, धुण्याच्या दोऱ्या. पुढे ही मंडळी न्यूयॉर्कला आली. तेथल्या प्रतिष्ठित अकादमीने त्यांना दूर ठेवले, तेव्हा फेब्रुवारी १९०८ मध्ये एकूण आठ जणांनी मिळून मॅकबेथ यांच्या गॅलरीत स्वतःचे प्रदर्शन भरवले.

स्लोनचे १९१२ सालचे एक चित्र आहे. रविवारचा दिवस, चाळीची गच्ची, आणि तीन बायका उन्हात केस वाळवत बसल्या आहेत. कोणी भाषण करीत नाही, कोणी रडत नाही. पण आठवड्याची एक सुटी म्हणजे कामकरी बाईला काय असते, हे त्या चित्रात जसे दिसते तसे आमच्या कोणत्याही मागणीपत्रकात आम्हांस कधी लिहिता आले नाही. मागणीपत्रकात आपण 'साप्ताहिक रजा' असे दोन शब्द लिहितो. त्या दोन शब्दांच्या आत ऊन असते, ओले केस असतात, शेजारणीशी गप्पा असतात.

स्लोन १९१० साली समाजवादी पक्षात गेला. १९१३ साली न्यूयॉर्कजवळच्या पॅटर्सन गावी रेशीम गिरण्यांचा संप झाला. कारण ऐकाल तर मुंबईच्या गिरणगावातील जुन्या माणसांना आपलीच गोष्ट वाटेल. विणकराने दोनांऐवजी चार माग सांभाळावेत, असा मालकांचा आग्रह होता. आपल्याकडे १९२८ च्या मोठ्या संपात दोन साच्यांऐवजी तीन साच्यांचा प्रश्न होता, हे आपण जाणताच. पॅटर्सनच्या संपकऱ्यांनी ७ जून १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आपल्या संपाचे नाट्य उभे केले. हजारावर संपकरी रंगभूमीवर आले आणि त्यांच्या पाठीमागचा गिरणीचा भव्य पडदा स्लोनने रंगवला. प्रयोग गाजला, पण हिशेबात खोट आली, आणि थोड्याच दिवसांत संपही फसला. पुढल्या वर्षी कोलोरॅडोमधील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू जळाले आणि त्यात बायकामुले मेली. त्यावर 'द मासेस' या मासिकाचे मुखपृष्ठ स्लोननेच काढले.

येथपर्यंत गोष्ट आमच्या माणसांना आवडण्यासारखी आहे. आता पुढचा भाग ऐका, कारण तो आमच्या बाजूला टोचणारा आहे. 'द मासेस' मध्ये चित्रकारांना मजुरी नव्हती, ते चळवळीसाठी फुकट काम करीत. पण त्यांनी एखाद्या गल्लीचे साधे चित्र दिले, तरी संपादक त्याखाली आपल्या राजकीय ओळी घालीत. १९१६ साली चित्रकारांनी याविरुद्ध बंड केले. ते हरले आणि स्लोन मासिक सोडून गेला. नुसती राखेची पिंपे काय काढता, असा टोमणा त्याच भांडणात निघाला आणि त्यावरून या चित्रकारांना पुढे 'अ‍ॅशकॅन' पंथ हे नाव पडले. म्हणजे धनिकांच्या अकादमीने ज्या चित्रांना गलिच्छ म्हटले, त्याच चित्रांना कामगारांच्या कैवाऱ्यांनी निरुपयोगी म्हटले! मोर्च्याच्या आदल्या रात्री चित्रकार पोराला बोलावून, येथे मूठ काढ, येथे सूर्य काढ, असे फर्मान सोडणारे कार्यकर्ते आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

यानंतर १९२९ ची मंदी आली. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या. मग चित्र कोण विकत घेणार? न्यूयॉर्कच्या बेकार चित्रकारांनी १९३३ साली आपला एक गट केला आणि १९३४ साली त्याचीच आर्टिस्ट्स युनियन झाली. तिचे 'आर्ट फ्रंट' नावाचे नियतकालिक निघे. स्टुअर्ट डेव्हिससारखा नव्या वळणाचा चित्रकार त्याचे संपादन करी. या युनियनची मागणी साधी होती. आम्ही कामगार आहोत, आम्हांला भीक नको, काम द्या आणि कामाचा पगार द्या.

मग मालक कोण? मालक सरकार! प्रेसिडेंट रूझवेल्ट यांच्या राजवटीत ऑगस्ट १९३५ पासून बेकारांना काम देणाऱ्या मोठ्या योजनेत चित्रकारांसाठी वेगळे खाते निघाले. होल्गर केहिल हा त्याचा संचालक होता. न्यूयॉर्कमध्ये चित्रकाराला आठवड्याला सुमारे २४ डॉलर मिळत. त्यासाठी आपण खरोखरच निर्धन आहोत हे बहुतेकांना आधी सिद्ध करावे लागे. भिंतीवर काम करणाऱ्याने कामावर यायचे, घरी काम करणाऱ्याने ठरल्या मुदतीत चित्र आणून द्यायचे. पोस्टर, मुद्राचित्रे, शिल्पे, शाळांतून आणि इस्पितळांतून भित्तिचित्रे, सारे या खात्यात होई. १९४३ पर्यंत सुमारे २,५०० भित्तिचित्रे आणि एक लाखावर लहानमोठी चित्रे तयार झाली. शंभरावर कलाकेंद्रे निघाली. त्यांत सामान्यांची मुले फुकट शिकत.

सरकार मालक झाले म्हणून कपात टळली असे मात्र समजू नका. डिसेंबर १९३६ मध्ये नोकरकपातीची वार्ता आली, तेव्हा न्यूयॉर्कच्या चित्रकारांनी खात्याच्या कचेरीत ठिय्या दिला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि दोनशेहून अधिक चित्रकारांना पकडले. चौकीत नावे विचारली, तेव्हा काहींनी रेम्ब्रांट, पिकासो अशी नावे सांगितली, अशी कथा आहे. आम्ही पुष्कळदा चौकीत नावे लिहून दिली आहेत, पण एवढी विनोदबुद्धी आमच्या मंडळींत दिसली नाही!

या योजनेचे फळ कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही एकच नाव सांगू : जेकब लॉरेन्स. हा कृष्णवर्णीय मुलगा १९१७ साली जन्मला आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढला. ऑगस्टा सॅव्हेज नावाच्या शिल्पकार बाईंच्या वर्गात तो जाई. बाई त्याला घेऊन सरकारी खात्यात गेल्या, पण वय एकवीस भरले नव्हते, म्हणून परत यावे लागले. बाईंनी ते ध्यानात ठेवले आणि १९३८ साली वय भरताच त्याला पुन्हा नेऊन कामावर लावले. सुमारे दीड वर्ष त्याला पगार मिळाला आणि त्या पगारावर त्याचा हात तयार झाला. १९४० आणि १९४१ या काळात त्याने साठ छोट्या फळ्यांवर एक चित्रमालिका केली. पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेतील काळे शेतमजूर उत्तरेतील कारखान्यांच्या शहरांकडे लाखांनी निघाले, त्या स्थलांतराची ती कहाणी आहे. सारे काम एकसारखे दिसावे म्हणून तो एक रंग घेई, आणि साठही फळ्यांवर जेथे जेथे तो लागेल तेथे भरून मग दुसरा रंग घेई.

या मालिकेत एक फळी आहे, ती युनियनच्या प्रत्येक माणसाने पाहावी. उत्तरेत आलेल्या काळ्या मजुरांना मालकांनी संपफोडे म्हणून लावले होते, त्यामुळे गोरे कामगार त्यांच्यावर चालून गेले आणि दंगे पेटले, हे तिच्यात दाखवले आहे. लॉरेन्सने येथे कोणाचीही भीड ठेवली नाही. मालकाने भुकेल्याला भुकेल्यावर घातले हे खरेच, पण दार बंद करणारे आणि दगड उचलणारे हात कामगारांचे होते. पुष्कळ गोऱ्या युनियनांनी काळ्या माणसाला सभासद करून घेतले असते, तर तो संप फोडायला आला असता काय? बाहेरून आलेल्या मजुराला उपरा म्हणून हाकलण्याची भाषा आपल्या शहरांतही ऐकू येते, म्हणून हे सांगितले.

आता भिंतीची गोष्ट. मेक्सिकोचा दिएगो रिवेरा एप्रिल १९३२ मध्ये डेट्रॉइटला आला. त्याच्या काही आठवडे आधी, ७ मार्च रोजी, फोर्डच्या रूज कारखान्यावर भुकेल्या बेकारांचा मोर्चा गेला होता. त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चौघे जागीच मेले, पाचवा मागाहून गेला. आणि त्याच कारखान्याची चित्रे शहराच्या कलासंग्रहालयात काढण्यासाठी पैसे दिले एड्सेल फोर्डने. रिवेराने ते घेतले आणि सत्तावीस भागांचे भित्तिचित्र १९३३ मध्ये पुरे केले. त्या चित्रात गोळीबार नाही. म्हणून त्याला विकला गेलेला म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. भट्टी, पट्टा, इंजिनाचे सांगाडे, त्यांना भिडलेले गोरे आणि काळे कामगार, त्यांच्यावर नजर ठेवणारा मुकादम, कामाच्या लयीत वाकलेल्या पाठी, हे सारे मालकाच्याच पैशाने मालकाच्याच शहरात त्याने कायमचे उभे केले. धर्मोपदेशकांनी आणि वर्तमानपत्रांनी, हे चित्र पांढरे करून टाका, अशी ओरड केली. एड्सेल फोर्ड मात्र चित्राच्या बाजूने उभा राहिला, हे त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

न्यूयॉर्कमध्ये असे झाले नाही. रॉकफेलर सेंटरमधील भित्तिचित्रात रिवेराने लेनिनचा चेहरा घातला. मे १९३३ मध्ये काम थांबवण्यात आले, ठरलेली रक्कम चुकती करण्यात आली आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये भिंतीवरचे चित्र फोडून टाकण्यात आले. मजुरी पुरती दिली, मग तक्रार कसली, असे कायदा म्हणतो. पण मजुरी दिली म्हणजे मजुराच्या हातून निघालेल्या वस्तूवर समाजाचा काहीच हक्क उरत नाही काय, हा प्रश्न त्या ढिगाऱ्यात तसाच पडून राहिला. सरकारही फार निराळे निघाले नाही. युद्ध आले, कामाला माणसे कमी पडू लागली आणि १९४३ साली चित्रकारांचे खाते बंद झाले. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातील कोठारात साठलेली चित्रे भंगारात वजनावर विकली गेली. पाण्याच्या नळांना गुंडाळायला हे कॅनव्हास चांगले, असा घेणाऱ्याचा हिशेब होता. त्यांतली कित्येक पुढे जुन्या मालाच्या दुकानात मिळाली आणि काही चित्रकारांनी आपलीच चित्रे पैसे देऊन सोडवून आणली.

जॅक्सन पोलॉक हे नाव आपण ऐकले असेल. कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर रंगाचे ओघळ सोडणारा हा चित्रकार. हे केवळ श्रीमंतांचे खूळ, असे पुष्कळांना वाटते. पण पोलॉक १९३५ पासून आठ वर्षे त्याच सरकारी खात्याच्या पगारावर जगला. १९३६ साली मेक्सिकोच्या सिकेरोसने न्यूयॉर्कमध्ये कार्यशाळा काढली, तेथे तो कामाला होता. तेथे मोटारींना लावायचा रंग ओतून, उडवून, फवारून प्रयोग चालत, आणि तेथेच मे दिनाच्या मिरवणुकीसाठी चित्ररथ तयार होत होता. ओघळांची ती सारी रीत तेथूनच आली, असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्या मुळाशी मे दिनाच्या चित्ररथाचाही थोडा रंग लागलेला आहे.

१९४६ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नवी चित्रे विकत घेऊन परदेशी प्रदर्शनाला पाठवली. कायदेमंडळात आरडाओरडा झाला, म्हणून १९४७ मध्ये ती परत बोलावून पुढल्या वर्षी युद्धातल्या उरल्यासुरल्या सामानासारखी मातीमोलाने विकली. नवी चित्रकला हा कम्युनिस्टांचा कावा आहे, असे डोंडेरो नावाचे एक सभासद १९४९ साली तेथे सांगत होते. गंमत अशी, की त्याच काळात मॉस्को तिला भांडवलशाहीची सडकी कला म्हणत होते! आणि थोड्याच वर्षांत वारा फिरला. आमच्या देशात कलावंत कसा मोकळा आहे पाहा, हे जगाला दाखवण्यासाठी हीच चित्रे कामी आली. १९५८ आणि १९५९ मध्ये ती युरोपभर फिरली, १९६७ मध्ये तसेच एक प्रदर्शन दिल्लीला आले. सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या नावाने १९५० साली बर्लिनमध्ये एक संस्था निघाली होती आणि मार्च १९५१ मध्ये मुंबईतही तिची परिषद भरली होती. त्या संस्थेला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा मिळत होता, हे १९६६ आणि १९६७ मध्ये उघड झाले. चित्रांच्या प्रसारात त्या खात्याचा हात नेमका किती होता, याविषयी अभ्यासकांत वाद आहे.

मग ती चित्रे खोटी ठरली काय? आम्हांस तसे वाटत नाही. नागपूरला जन्मलेले आपले वासुदेव गायतोंडे १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. रिवेराचे चित्र फोडणाऱ्यांच्याच घराण्याचा तो पैसा. पण गायतोंडे यांची निराकार वाट त्यापूर्वीच ठरली होती आणि पैशाने ती वळली नाही. मजुरी देणारा वेळ विकत घेतो, हात विकत घेतो. हाताच्या मागे जे असते ते दर वेळी त्याच्या ताब्यात येतेच असे नाही. गिरणीतल्या माणसाचा अनुभवही हाच आहे.

शेवटी पुन्हा डेट्रॉइटला जाऊ. १८ जुलै २०१३ रोजी त्या शहराच्या महापालिकेने दिवाळे काढले. कर्जदारांची देणी सुमारे १८ अब्ज डॉलर, आणि त्यांत निवृत्त कामगारांच्या पेन्शनचा मोठा वाटा. संग्रहालयातील चित्रे शहराच्या मालकीची होती, तेव्हा ती विकून देणी फेडा, असे सावकार म्हणू लागले. चित्रे की पेन्शन, असा सवाल वर्तमानपत्रांतून फिरू लागला.

श्रोतेहो, कामगारांच्या बाजूच्या माणसाने यावर काय म्हणावे? एका म्हातारीच्या पेन्शनपुढे एक चित्र मोठे, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. पण हा सवाल मांडला कोणी, ते आधी पाहिले पाहिजे. पेन्शन म्हणजे कामगाराची मागे ठेवलेली मजुरी. आणि शहराने विकत घेतलेली चित्रे म्हणजे त्याच कामगारांनी भरलेल्या करांतून झालेली ठेव. म्हणजे कामगाराला सांगण्यात येत होते, की तुझ्या एका खिशातले विकून दुसरा खिसा भर! अखेर धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून सुमारे ८१ कोटी ६० लाख डॉलर येत्या वीस वर्षांत द्यायचे कबूल केले. तो पैसा पेन्शनकडे गेला आणि चित्रे वाचली. पेन्शनरांनी मतदान करून योजना मान्य केली. तरीही सामान्य पालिका कामगारांच्या पेन्शनमध्ये साडेचार टक्क्यांची कपात झाली आणि महागाईची वार्षिक वाढ गेली. या तडजोडीचा लोक फार गौरव करतात. आम्ही ती वाईट म्हणत नाही, पण कपात कोणाची झाली हे लिहून ठेवल्याशिवाय तिचे कौतुकही करणार नाही.

आणि एक गोष्ट. संग्रहालय म्हणजे केवळ भिंतीवरची चित्रे नव्हेत. पहारा देणारे, फरशी पुसणारे, चित्रे चढवणारे, पावत्या फाडणारे, सारे तेथे कामाला असतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातील नोकरांनी १९७१ आणि १९७३ मध्ये संप केले. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातील कामगार सप्टेंबर २०२२ मध्ये संपावर गेले. मातीसच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन तोंडावर होते. एकोणीस दिवसांनी त्यांनी करार मिळवला. ज्या शहरात स्लोन आगीची चित्रे काढीत धावत होता, तेच हे शहर.

आमच्या युनियनांपुढे आमची मागणी एवढीच आहे. आठ तासांच्या दिवसासाठी आपल्या वाडवडिलांनी मार खाल्ला, तो उरलेले तास नुसते झोपण्यासाठी नव्हे. वस्तीतल्या शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर ती भरण्याची मागणी पाण्याच्या मागणीबरोबर लिहा. ग्रंथालयात चित्रांची पुस्तके मागवा. संग्रहालयाला कामगारांनी सुटीच्या दिवशी कुटुंबासह जावे, आणि तेथल्या पहारेकऱ्याला पगार वेळेवर मिळतो काय, हेही विचारावे. फलक रंगवणाऱ्या मुलाला त्याच्या कामाचे पैसे द्या, आणि एखादे दिवशी त्याला म्हणा, की आज तुला जे दिसते ते काढ.